न्हाणीघरांतील असहकार

सकाळचे सात वाजले आहेत. दादरच्या एका घरांत साडेतीन वर्षांचा एक मुलगा न्हाणीघराच्या उंबऱ्याशीं ओंठ घट्ट मिटून उभा आहे. आईच्या हातांत दांत घासण्याचा ब्रश आहे, बाबांची गाडी चुकण्याच्या बेतांत आहे, आणि आंतल्या खोलींतून आजींचा आवाज येत आहे, "आमच्या वेळीं असलीं थेरं चालत नव्हतीं हो!"

शेवटीं बाबांनीं मुलाचे हात धरले, आईनें हनुवटी दाबली आणि ब्रश तोंडांत गेला. अर्ध्या मिनिटांत काम उरकलें. पण त्या झटापटींत हिरडी खरचटली, फेंसांत रक्ताचा तांबडा धागा दिसला. आणि दुसऱ्या दिवशीं ब्रश नुसता दृष्टीस पडतांच मुलगा पलंगाखालीं जाऊन बसला. मोठ्यांनीं लढाई जिंकली होती. पण ज्याच्यासाठीं ती लढावयाची, तें मूलच हातचें गेलें होतें.

मग घरानें तह केला. "दुधाचेच तर दांत, आज ना उद्यां पडायचेच आहेत," अशी आईनें स्वतःची समजूत घातली. सकाळ शांत झाली. तीन-चार महिन्यांनीं एका रात्रीं मुलगा गाल धरून रडत उठला. खालच्या दाढेंत तपकिरी खड्डा पडला होता.

दंतवैद्यांनीं त्या वेळीं जें सांगितलें तें प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. दुधाचे दांत २० असतात. पुढचे दांत ६-७ वर्षांच्या सुमारास पडूं लागतात हें खरें. परंतु मागच्या दाढा १० ते १२ वर्षांच्या वयापर्यंत तोंडांत राहावयाच्या असतात. तोंवर अन्न त्यांनींच चावावयाचें आणि खालून येणाऱ्या कायमच्या दांतांची जागाही त्यांनींच राखावयाची. शिवाय ६ व्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागें पहिली कायमची दाढ निमूटपणें उगवते. तिच्यासाठीं कोणताच दांत पडत नसल्यामुळें ती दुधाचीच समजली जाते आणि पुष्कळ घरांत तिची हेळसांड होते.

दाढ भरून झाली. पण ब्रशाचा प्रश्न होता तेथेंच राहिला. बळजबरीनें रक्त आलें, सोडून देण्यानें दाढ किडली. मग आईबापांनीं करावें तरी काय?

येथें आधीं मुलाच्या हट्टाचें मूळ पाहिलें पाहिजे. जन्मापासून त्याला कोणी उचलतो, कोणी पुसतो, कोणी ठेवतो. दोन वर्षांच्या सुमारास आपण कोणी निराळे आहोंत असा त्याला शोध लागतो, आणि "नाहीं" हा शब्द त्याच्या हातीं येतो. घरांत त्याच्या मालकीचें दुसरें काय असतें? एक शरीर. म्हणूनच त्याचें बंड जेवणाच्या पाटावर, बिछान्यांत आणि न्हाणीघरांत उभें राहतें. त्यांत खऱ्या पीडेचीही भर असते. मोठ्यांना गार वाटणारी टूथपेस्ट कोंवळ्या जिभेला झोंबते. साबण डोळ्यांत जातो. केंसांचा गुंता मुळापासून ओढला जातो. तोंडावर एकदम पाणी पडलें कीं जीव घाबरा होतो. मुलाला हें सांगतां येत नाहीं. तें ओंठ मिटतें, आणि मोठीं माणसें त्याला हट्ट असें नांव देतात.

डॉ. मारिया माँटेसरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. तेथील एक प्रसंग त्यांनीं लिहून ठेवला आहे. एके दिवशीं नाक कसें शिंकरावें याचाच पाठ द्यावा असें त्यांच्या मनांत आलें. रुमाल कसा धरावा, आवाज न करतां, कोणाच्या नजरेस न येतां नाक कसें स्वच्छ करावें, हें त्यांनीं थोड्या गमतीनें करून दाखविलें. मुलें हंसतील असें वाटलें होतें. मुलें हंसलीं नाहींत. तीं एकाग्रतेनें पाहत राहिलीं, आणि पाठ संपतांच त्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. नाकावरून मुलांना सतत बोलणीं बसतात, चारचौघांत त्यांची मानहानि होते; पण तें काम करावें कसें, हें शांतपणें कोणीच शिकवीत नाहीं, असा त्याचा अर्थ माँटेसरीबाईंना उमगला. मुलांनीं टाळ्या वाजविल्या त्या रुमालासाठीं नव्हे, मिळालेल्या मानासाठीं!

हाच विचार महाराष्ट्रांत ताराबाई मोडक यांनीं आपलासा केला. १९४५ मध्यें बोर्डी येथें त्यांनीं बालशिक्षणाचें काम सुरू केलें आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. हात धुणें, नखें कापणें, केंस विंचरणें हीं शिक्षणाबाहेरचीं कामें नव्हेत, तेंच लहान मुलाचें पहिलें शिक्षण आहे, ही दृष्टि त्या कार्यामागें होती.

दादरच्या त्या घरानेंही अखेर हाच मार्ग धरला. सुट्टीच्या दिवशीं दुपारीं, कसलीही घाई नसतांना, आई मुलासमोर आपले दांत घासावयास बसली. मग तिनें ब्रश त्याच्या हातीं दिला आणि स्वतःचें तोंड उघडलें. पलंगाखालचा बंडखोर बाहेर आला. त्यानें ब्रश असा जोरानें फिरविला कीं तो हिरडीला लागला. "हळू रे, दुखतं," आई म्हणाली. मुलगा थबकला. मग हलक्या हातानें घासूं लागला. थोड्या वेळानें आई म्हणाली, "त्या दिवशीं मीं तुला असंच दुखवलं होतं. चुकलं माझं." त्यानें उत्तर दिलें नाहीं; परंतु तिसऱ्या दिवशीं तो आपण होऊन आरशासमोर उभा राहिला.

त्यानंतर घरांत एक भेद कसोशीनें पाळण्यांत आला. दांत घासावयाचे, ही गोष्ट ठरलेली. तींत वाटाघाट नाहीं. म्हणून "दांत घासायचे का?" असा प्रश्न कोणी विचारीत नाहीं, कारण त्याचें उत्तर "नाहीं" येणार हें उघड आहे. पण आधीं वरचे कीं खालचे, हें मुलानें ठरवावयाचें. उभें राहण्यास पाट, चेहरा दिसेल असा आरसा आणि न झोंबणारी फ्लुओराइडयुक्त टूथपेस्ट, एवढी सामग्री पुरली. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढें ६ वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. प्रथम मुलगा घासतो, मग आई हात फिरविते. कारण ७-८ वर्षांच्या वयापर्यंत हें काम मुलाच्या हातून पुरतें साधत नाहीं. झोंपेंत तोंडांतील लाळ कमी होते, म्हणून रात्रींचें घासणें चुकवूं नये, हेंही ठरलें.

आजींनीं तर न्हाण्याच्या दिवसाची युक्ति स्वतःच काढली. कोरडा पंचा मुलानें दोन्ही हातांनीं डोळ्यांवर धरावयाचा, छताकडे तोंड करावयाचें, आणि "आतां पाणी" असें सांगितल्यावांचून एक तांब्याही डोक्यावर ओतावयाचा नाहीं. केंस विंचरतांना त्या आतां टोंकाकडून गुंता सोडवितात. थेरं हा शब्द अलीकडे त्यांच्या तोंडून ऐकूं येत नाहीं.

यांत जादू कांहीं नाहीं. पाहुणे आले, ताप आला, झोंप अपुरी झाली, कीं ओंठ पुन्हां मिटतात. अशा वेळीं आई सांगते, "दहा अंक मोजते, तेवढ्यांत संपवते," आणि हलक्या पण ठाम हातानें खरोखरच तेवढ्यांत संपविते. दिलेला शब्द पाळणें हीच येथें मुख्य गोष्ट. चॉकलेटाची लांच दिली तर दांतांचेंच नुकसान; बागुलबुवाची किंवा डॉक्टरांच्या सुईची भीति घातली तर पुढें खऱ्या दुखण्यांत मूल दवाखान्याची पायरी चढत नाहीं; आणि चारचौघांत "घाणेरडा" म्हटलें तर तो डाग कोणत्याच साबणानें निघत नाहीं. मात्र ब्रश, नखें, कपडा, पाणी, अशा प्रत्येक स्पर्शानें जें मूल दीर्घकाळ बेचैन होतें, त्याला हट्टी न म्हणतां बालरोगतज्ज्ञांस दाखवावें.

परवां आजी बाजारांतून आल्या आणि भाजीची पिशवी ठेवून तशाच पोळ्या लाटावयास बसूं लागल्या. मुलगा पाट घेऊन न्हाणीघराच्या दाराशीं उभा राहिला व गंभीरपणें म्हणाला, "आजी, आधीं हात. उजवा कीं डावा, तूं सांग." आजी क्षणभर थांबल्या. मग उठल्या, आणि उजवा हात त्यांनीं नळाखालीं धरला.