दाताचा एक्स-रे, गरजेपुरताच



मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे.
तिथे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवण एकच…
आधी तोंड तपासा.
गरज असेल, तरच एक्स-रे.

फिल्म आपल्या बोटांनी धरायची नाही.
त्यासाठी होल्डर असतो.
बटण दाबताना आडोशाला, नाहीतर 6 फूट लांब.
रुग्णाचा एक्स-रे कधीमधी निघतो… काढणाऱ्यांचं काम रोजचं!

परीक्षेत हे सगळ्यांना येतं.
खरी कसोटी ओपीडीच्या गर्दीत.

रुग्ण म्हणून तुम्हीही विचारा, एक्स-रेची गरज आहे का?
दिवस गेले असतील, तर आधी सांगा.
एक्स-रे यंत्राची नोंद अणुऊर्जा नियामक मंडळाकडे लागते, ती आहे का तेही विचारा.
आणि हो, जुना एक्स-रे असेल, तर सोबत न्या…
कदाचित नवा लागणारही नाही.