ऐकणारे काय ऐकतात?

(शहादा येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुढच्या महिन्यात आपला मेळावा आहे आणि त्यात गटांची गाण्याची स्पर्धा आहे. स्पर्धेचे नियम ठरवायचे म्हणून मला बोलायला सांगितलं आहे. गेल्या वेळी निकालावरून काय झालं ते इथल्या निम्म्याजणींना ठाऊक आहे, म्हणून नियमांआधी मला दुसरंच काही बोलायचं आहे. मी पियानोच्या स्पर्धेबद्दल बोलणार आहे. हसा, हरकत नाही. नंदुरबार जिल्ह्यात भाषणात पियानो म्हणजे सातपुड्यात जहाज, हे मलाही कळतं. मी स्वतः पियानो पहिल्यांदा पाहिला तो समाजकार्याचं शिक्षण घ्यायला मुंबईला गेले तेव्हा. पण आपल्या भजनी मंडळातली पेटी तरी कुठे इथली आहे? तीही युरोपातूनच आली आणि आपली झाली. पियानोला तशाच काळ्यापांढऱ्या पट्ट्या असतात, एकूण ८८. पट्टी दाबली की आत एक लहानशी हातोडी तारेवर पडते. वाद्याची ओळख एवढी पुरे.

पोलंडमध्ये वॉर्सा शहरात १९२७ पासून एक स्पर्धा होते. शोपँ नावाच्या एकाच संगीतकाराच्या रचना तिथे वाजवायच्या. साधारण दर पाच वर्षांनी ती भरते. महायुद्धात खंड पडला, कोरोनामुळे २०२० ची स्पर्धा २०२१ ला गेली. २०२५ च्या ऑक्टोबरात ती पुन्हा झाली, तेव्हा सगळं मोबाईलवर दिसत होतं. मी ज्या वसतिगृहात जाते तिथल्या दोन मुलींना मी ती दाखवली होती. त्यातली एक पेटी वाजवते. आपल्याकडे तोवर रात्र झालेली असायची, दिवे बंद. त्यामुळे या दोघी आवाज पूर्ण बंद करून पांघरुणात स्पर्धा पाहायच्या आणि सकाळी मला सांगायच्या की अमुक जिंकणार. "अगं, ऐकल्याशिवाय कसं कळलं?" तर म्हणाली, "ताई, जो जास्त डोलतो त्याचाच नंबर येणार ना!"

मुलगी गमतीत बोलली, पण हेच एका संशोधिकेने तपासून पाहिलं आहे. चिया-जुंग त्साय, स्वतः पियानोवादक. २०१३ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठमोठ्या स्पर्धांच्या अंतिम फेरीतल्या तिघांचे काही सेकंदांचे तुकडे तिने लोकांपुढे ठेवले. काहींना फक्त आवाज, काहींना आवाजासकट चित्र, काहींना मुकं चित्र. खरा विजेता ओळखायचा. नुसतं ऐकणाऱ्यांना तो ओळखता आला नाही. डोळे मिटून चिठ्ठी उचलली असती तरी तेवढंच यश आलं असतं. मुकं चित्र पाहणारे जवळजवळ निम्म्या वेळा बरोबर निघाले. यात संगीताचे जाणकारही होते आणि त्यांचंही तेच झालं. गंमत म्हणजे आधी विचारलं तेव्हा बहुतेक सगळे म्हणाले होते की महत्त्वाचा तो आवाजच. २०१८ साली दुसऱ्या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि सांगितलं की वादकांच्या जोड्या कशा निवडता त्यावर निकाल बराच बदलतो. म्हणजे हे काही ब्रह्मवाक्य नव्हे. पण आपण कानांनी ऐकतो अशी आपली जी खात्री असते, तिला यामुळे धक्का बसतो, आणि तो बसायला हवा.

आता यात बाईचं काय? वॉर्साच्या त्या स्पर्धेत आजवर पहिलं बक्षीस चारच बायकांना मिळालं आहे. १९४९ साली दोघींना विभागून, १९६५ साली अर्जेंटिनाच्या मार्था आर्गेरिचला, आणि मग थेट ४५ वर्षांनी, २०१० मध्ये, रशियाच्या युलियाना अवदेयेवाला. २०१० चा निकाल बऱ्याच श्रोत्यांना रुचला नाही. त्यांचा लाडका होता ऑस्ट्रियाचा इंगोल्फ वुंडर, त्याला दुसरं बक्षीस विभागून मिळालं. आवडनिवड असतेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अवदेयेवा मात्र घोळदार झगा न घालता काळा कोट आणि पँट घालून वाजवायला बसली होती आणि त्या पोशाखाचीही चर्चा झाली. पुरुष स्पर्धकही पँट घालूनच आले होते. ती बातमी होत नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत युजा वांग या पियानोवादक मुलीच्या तोकड्या झग्यावर वर्तमानपत्रांतून वाद झाला. एकीची पँट खटकली, दुसरीचे पाय खटकले. आपल्याकडे ग्रामसभेत उठणाऱ्या बाईचा पदर जसा कधी फार पुढे असतो, कधी फार मागे, तसंच हे.

पण परीक्षक शहाणे आणि श्रोते अडाणी असं कुणी समजू नका. १९८० साली याच स्पर्धेत इवो पोगोरेलिच या युगोस्लाव्ह तरुणाला परीक्षकांनी अंतिम फेरीत घेतलं नाही, तेव्हा मार्था आर्गेरिच स्वतः परीक्षक होती. हा मुलगा असामान्य आहे असं म्हणून तिने राजीनामा दिला. पंधरा वर्षांपूर्वी तिथेच जिंकलेली बाई पंचांच्या विरोधात उभी राहते, हे मला फार आवडतं. मात्र त्या गलक्यात जो जिंकला त्याच्याकडे लोकांचं लक्षच गेलं नाही. तो होता हनोईचा डांग थाई सोन, ही स्पर्धा जिंकणारा पहिला आशियाई. त्याला शिकवलं त्याच्या आईने. अमेरिकेची विमानं बॉम्ब टाकत होती तेव्हा हनोईची संगीतशाळा खेड्यात हलवली होती आणि हा मुलगा तिथे पियानो शिकत होता. त्या आईवर एक वेगळं भाषण होईल.

अमेरिकेतल्या वाद्यवृंदांनी यावर एक साधा उपाय केला. निवडीच्या वेळी वादक आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा. काही ठिकाणी तर चपलांच्या टाचांच्या आवाजावरून बाई आहे हे कळू नये म्हणून गालिचाही अंथरला. १९७० मध्ये तिथल्या पाच मोठ्या वाद्यवृंदांत शंभरात पाचसुद्धा बायका नव्हत्या; १९९० च्या दशकात त्या पंचवीसच्या आसपास गेल्या. सगळं श्रेय पडद्याचं नाही, बायका शिकल्याही जास्त. पण पडद्याचा वाटा आहे, असं या विषयाचा अभ्यास करणाऱ्या गोल्डिन आणि राउस या दोघींनी २००० साली मांडलं.

आपल्याकडे पडद्याचा अर्थच उलटा. इथे बाईला पडद्यातून बाहेर येऊन गावं लागलं. मिरजेत १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, तेव्हा गाणारी बाई म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर काय यायचं ते तुम्ही जाणता. हिराबाई साध्या लुगड्यात, हातवारे न करता, पुरुष गवयासारख्या बैठकीवर बसून गायल्या. श्रोत्यांचे डोळे आधी शांत करायचे आणि मग त्यांचे कान मिळवायचे, हे जादाचं काम बाईच्या वाट्याला आलं. ते त्यांनी केलं म्हणून आपण त्यांना मानतो. ते करावंच का लागलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

आता आपल्या स्पर्धेकडे येते. गेल्या वेळची गुणपत्रिका माझ्याजवळ आहे. आवाज, ताल, वेशभूषा, सादरीकरण, शिस्त. पहिलं बक्षीस एकसारख्या जरीकाठाच्या साड्या घातलेल्या तालुक्याच्या गटाला मिळालं. त्या चांगल्याच गायल्या, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. धडगावच्या बायका पहाटे जीपने निघून, घाट उतरून, धुळीने भरलेल्या अंगावरच्या साड्यांत उभ्या राहिल्या आणि पावरी बोलीत गायल्या. चाल नाचाची होती. मंडपात टाळ्यांचा ठेका सुरू झाला, मागे दोघी-चौघी नाचायलाही लागल्या. गाणं होतं डाकीण ठरवून गावाबाहेर काढलेल्या बाईचं. तीन परीक्षकांपैकी एकालाही पावरी येत नव्हती. मला जेमतेम समजते, म्हणून पोटात कालवलं. नंतर त्यांच्यातली मोठी बाई म्हणाली, "लोक ठेका धरून हसायला लागले म्हणून आम्ही तिसरं कडवं सोडलं." तिसऱ्या कडव्यात ती बाई गावाला नावं घेऊन विचारते.

ज्या जिल्ह्यात आजही डाकीण म्हणून बायकांना मारहाण होते, जिथे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपण गावोगाव समजावत फिरतो, तिथे आपल्याच मंडपात ते गाणं ठेक्यात विरून गेलं. लोक वाईट नव्हते. त्यांना गाणं आवडलंही. त्यांनी चांदीचे दागिने शोधले, ते नव्हते; ढोलाचा ठेका शोधला, तो होता.

आणि हे गाण्यापुरतं नाही. आपल्या समुपदेशन केंद्रात एखादी बाई इस्त्रीची साडी नेसून येते, न रडता नवऱ्याची मारहाण तारीखवार सांगते, आणि ती गेल्यावर कुणीतरी हमखास म्हणतं, "हिला काही फार त्रास दिसत नाही." दुसरी हुंदके देत येते, तिचा अर्ज आधी लिहिला जातो. तिथेही आपण मुकं चित्रच बघत असतो.

मग आपणही पडदा लावायचा का? माझं मत, नको. आपल्या डोंगरातल्या गाण्यात पाय, हात, गळा वेगळे करता येत नाहीत. होळीला रिंगणात बायका गातात तेव्हा समोर बसून ऐकणारं कुणी नसतंच, जो येतो तो हात धरून आत जातो. तिथे परीक्षक कुठे बसवाल? खरं तर स्पर्धा हा प्रकारच तिथला नाही. तरी स्पर्धा बंद करा असं मी म्हणणार नाही, कारण तिच्यामुळे बायकांना दोन दिवस घराबाहेर पडायला कारण मिळतं, आणि ते लहान नाही.

वेशभूषेचे गुण काढून टाकावेत. शिस्तीचेही, शिस्त म्हणजे काय ते मला गुणपत्रिका वाचून कळलं नाही. गाण्याआधी गटातल्याच एकीने गाणं काय सांगतं ते दोन वाक्यांत सांगावं. तीन परीक्षकांत पावरी, भिलोरी, मावची समजणारी निदान एक बाई असावी. ती पदवीधर नसली तरी चालेल. आणि प्रत्येक गाण्यानंतर माईक मंडपात फिरवून दोघा-तिघींना विचारावं, गाण्यात काय ऐकलं? आवडलं का, हे विचारू नये. यावर वेळ जाईल, पाहुण्यांची भाषणं कमी करा.

दुपारच्या सत्रात कोरी गुणपत्रिका घेऊन बसू. कुणाला वेशभूषेचे गुण ठेवायचेच असतील तर तिथे भांडा, मी तयार आहे. धडगावच्या गटाला मी निरोप धाडला होता. त्या यायला तयार आहेत, पण जीपचं भाडं या वेळी कोण देणार हे त्यांनी आधी विचारलं आहे.