बारावीच्या पेढ्यांनंतर
(वार्षिक हितचिंतक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या वसतिगृहातील मुले बारावी सायन्स पास झाली, की आपण टाळ्या वाजवतो, पेढे वाटतो. ते योग्यच आहे. पण मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. पेढ्यांनंतर काय होते, ते आज सांगावे असे मनात आहे.

धडगाव-अक्कलकुव्याकडची एखादी मुलगी नंदुरबारला किंवा जळगावला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला येते. तिकडचे विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले आणि आज त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. या मुलीच्या आईलाही बहुधा नसते.

पहिली अडचण भाषेची. घरी पावरी किंवा भिली, आश्रमशाळेत मराठी आणि अकरावीपासून इंग्रजी. दहावीपर्यंत जे आम्ल होते ते ॲसिड होते, आम्लारीचे बेस होते, द्रावणाचे सोल्यूशन होते. अकरावी-बारावी गाइड पाठ करून निभावते. पदवीला तसे निभावत नाही.

दुसरी अडचण प्रयोगशाळेची. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत, फ्लास्कमधले रंगहीन द्रावण एका थेंबाने फिकट गुलाबी होते, तिथेच हात थांबला पाहिजे. हे पुस्तकात वाचून येत नाही, हाताला सवय लागते. ज्यांनी शाळेत ब्युरेट हातात धरलेली नसते, ती मुले गटात मागे उभी राहतात. हुशारी कमी असते म्हणून नव्हे. काच फुटली तर भरून द्यावी लागेल, ही भीती असते. मग दुसऱ्याचे रीडिंग उतरवून घेतात. जर्नल अपुरे राहते, आणि जर्नल सर्टिफाय झाल्याशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही.

तिसरी अडचण पैशाची, आणि ती वेळेची आहे. शासनाची शिष्यवृत्ती आहे, आदिवासी मुलामुलींसाठी वसतिगृहे आहेत, तिथे प्रवेश न मिळालेल्यांसाठी ‘स्वयम्’ योजना आहे. पण त्यासाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेले बँक खाते हे सारे वेळेत लागते. अर्ज मंजूर होऊन रक्कम खात्यात येईपर्यंत अनेकदा वर्ष बरेच पुढे गेलेले असते. खाणावळ मात्र दर महिन्याला पैसे मागते. त्यातच दिवाळीनंतर कितीतरी घरे ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेली असतात. दुसऱ्या सत्राच्या वेळी हिने पैसे मागायचे कोणाकडे?

मग एखाददुसऱ्या विषयात एटीकेटी लागते. गावी गेलेली मुलगी सुट्टी संपली तरी परतत नाही. कोणी तिला काढून टाकलेले नसते. ती नुसती येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. पण सोय म्हणून बाहेर पडणे वेगळे आणि नाइलाजाने सुटणे वेगळे.

माझा अनुभव असा, की पहिले वर्ष तरून गेलेली मुले सहसा पदवी घेऊनच जातात. दुसऱ्या वर्षी तीच मुलगी नव्या मुलांना पिपेट कसे धरायचे ते दाखवते. वनस्पतिशास्त्राच्या सहलीत मोह, पळस, चारोळी ती लांबून ओळखते. फक्त त्यांची लॅटिन नावे तिला शिकायची असतात.

या पदवीने काय मिळते? बी.एड. करून आश्रमशाळेत विज्ञान शिकवता येते, म्हणजे पुढच्या मुलींच्या हाती ब्युरेट वेळेवर पडेल. वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्रासारखा विषय घेतलेल्या पदवीधराला भारतीय वनसेवेच्या परीक्षेलाही बसता येते. ज्या जंगलात तिचे आईवडील मोहफुले वेचतात, त्या जंगलाविषयीचे निर्णय घेणाऱ्यांत ती का नसावी?

म्हणून आपल्यापुढे तीन मागण्या ठेवतो. एक, प्रवेशानंतर तास सुरू होण्याआधी पंधरा दिवसांचा वर्ग घ्यावा: इंग्रजी संज्ञा, उजळणीचे गणित आणि काचेची उपकरणे हाताळण्याचा सराव. आपल्या मंडळीत निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी पुढे यावे. दोन, खाणावळीसाठी फिरता निधी उभारावा. शिष्यवृत्ती जमा झाली, की विद्यार्थ्याने रक्कम परत करायची आणि ती पुढच्या मुलाला द्यायची. यात उपकाराचे ओझे राहत नाही. तीन, पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे आपल्यापैकी एका कुटुंबाने उभे राहावे. दाखले जमवण्यात मदत करावी, आठवड्याला एक फोन करावा. दिवाळीची सुट्टी संपली की विचारावे, “बेटा, पोहोचलीस का कॉलेजला?”

प्रार्थनेत या मुलांची नावे आपण घेतच असता. त्यांचे फोन नंबरही लिहून घ्या.