काऊचे घर कशाचे?



काऊ-चिऊची गोष्ट ऐकून आपण सारे वाढलो. काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. पावसात घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो, तिष्ठत उभा राहतो. चिऊताई बाळाच्या अंघोळीची, काजळाची कारणे सांगते. आपण हसतो. पण त्या दारात अधिक सभ्य कोण, हे कोणी विचारत नाही.

वास्तविक कावळ्याचे घरटे शेणाचे नसतेच. ते काटक्यांचे, कधी तारांचेही असते. त्याच घरट्यात कोकिळेची पिल्ले वाढतात. चिऊचे मेणाचे घर मात्र छत्तीसगडच्या मे महिन्यात किती टिकले असते? आणि एरवी हाकललेला हाच कावळा पितृपक्षात आला नाही, की आपण पान वाढून ताटकळतो!

सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न कारखान्यांतून परप्रांतीय कामगार संध्याकाळी अंगावर काजळी घेऊन परततात. त्यांची मुले आपल्या मुलांबरोबर गल्लीत खेळतात. रंग वा बोली पाहून "त्याच्याशी खेळू नकोस" असे घरी म्हटले गेले, तर शाळेचे शिकवणे व्यर्थ जाते.

गोष्ट अवश्य सांगा, शेवटी मुलांना एवढे विचारा, "चिऊताईने दार लगेच का उघडले नाही?" उत्तर त्यांना देऊ द्या.