सरकारी नोकरी आणि आजोबांचा कागद

(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



राज्य शासनाच्या नोकरीवर बोला, असे मंडळाने सांगितले. मी बँकेतला कारकून. परीक्षेचा अभ्यास कसा करावा हे मार्गदर्शन वर्ग सांगतील, बार्टी सांगेल. माझा दिवस कागद तपासण्यात जातो, म्हणून मी कागदाबद्दलच बोलणार आहे.

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. इतक्या गर्दीतून आपले पोर निवडले जाते आणि जात वैधतेपाशी अडते, तेव्हा त्या घराचे काय होत असेल याचा विचार करा.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, तेव्हा १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. त्या वेळी आपले कुरुंदा निजामाच्या राज्यात होते. आज महाराष्ट्राच्या सेवेत १३ टक्के जागा आहेत. पण नुसत्या जातीच्या दाखल्यावर ती जागा पक्की होत नाही. राज्याच्या २००० सालच्या कायद्याप्रमाणे दाखल्याची पडताळणी समितीकडून व्हावी लागते. या पडताळणीला नावे ठेवू नका. खोट्या दाखल्यावर आपल्या जागा बळकावणारे तिच्यामुळेच सापडतात, आणि अशा नेमणुकांना संरक्षण नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली बजावले आहे.

समिती पाहते ती १० ऑगस्ट १९५० पूर्वीची नोंद. इथे मराठवाड्याची अडचण सुरू होते. आजोबा शाळेत गेलेच नाहीत. कुठे नोंद सापडलीच तर ती उर्दूत, म्हणजे भाषांतर करून घेणे आले. मग आजोबांचे भाऊ, चुलत आजोबा यांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा शोधायचा. वडिलांकडील रक्ताच्या नात्यात कोणाला वैधता मिळाली असेल, तर ते प्रमाणपत्र वंशावळीसह फार मोलाचे. मामाचे कागद इथे चालत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्या वडीलधाऱ्यांनी मुलांच्या नावापुढे अभिमानाने ‘बौद्ध’ लिहिले. ते योग्यच केले. राज्याने नवबौद्धांना सवलती लवकर दिल्या, केंद्राने मात्र १९९० साली. परंतु अनुसूचित जातींची यादी जातींच्या नावांची आहे, धर्मांची नाही. म्हणून जो शब्द आपण टाकून दिला, तोच पूर्वजांच्या कागदावर शोधायला जावे लागते. मनाला लागते, मलाही लागते. तरी शोधा. केंद्राच्या आणि राज्याच्या नोकरीसाठी दाखल्याचे नमुने निराळे असतात, तेही आधीच विचारून घ्या.

वैधतेचा अर्ज करायला शिक्षण, नोकरी, निवडणूक असे कारण लागते. कागद गोळा करायला कारण लागत नाही. दहावी झाली की सुरुवात करा. नावांकडेही बघा: एका कागदावर शेषराव, दुसऱ्यावर शेषेराव. आमच्या काउंटरवर एवढ्यावरून माणूस परत जातो, तर समितीपुढे काय होईल?

जाता जाता टंकलेखनाचे सांगतो. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचे प्रमाणपत्र लागते. आमची मुले पुण्यात राहून उपजिल्हाधिकारी होण्याची तयारी वर्षानुवर्षे करतात आणि टायपिंगला कमी लेखतात, हे मला पटत नाही. लिपिकाच्या खुर्चीवर बसूनही राज्यसेवेचा अभ्यास करता येतो, आणि घरी पगार जातो.

मंडळाला एक विनंती. भावकीत बांधावरून भांडण असले की लोक उतारा दाखवत नाहीत. पण एका आजोबांचा कागद दहा घरांना उपयोगी पडतो. मंडळाने एक वही करावी आणि कोणत्या घरी कोणता जुना कागद आहे, हे त्या घराला विचारून तिच्यात लिहावे. वही मी आणून देतो, पहिली नोंद आमच्या घराची घ्या.