पाळणाघराला पात्र कोण?



पाळणाघरांचे नियम वाचायला घेतले की मी आधी एकच गोष्ट बघतो : हा नियम मोजतो कुणाला? १९४८च्या कारखाना कायद्याने बायकांना मोजलं. आधी ५०, मग १९७६च्या दुरुस्तीने ३०. त्याहून जास्त स्त्री-कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं. मालकाला पळवाट आयतीच मिळाली, एकतिसावी बाई कामावर घ्यायचीच नाही! २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पुरुष धरून ५० कर्मचारी अशी अट आली. हे शहाणपणाचं झालं. मात्र दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन यायची मुभा त्याच दुरुस्तीत आईलाच दिली. बाप पन्नासांत धरला, पाळणाघरात धरला नाही.

धुणीभांडी करणाऱ्या बाईचं काय? तिच्या चार मालकिणी मिळूनही पन्नास होत नाहीत. तिच्यासाठी सरकारी योजना होती. २००६च्या राजीव गांधी पाळणाघर योजनेत सहा वर्षांपर्यंतचं मूल बसे, पण कुटुंबाचं मासिक उत्पन्न १२,००० रुपयांच्या आत हवं. पुढे राष्ट्रीय पाळणाघर योजनेत कामाची व्याख्या आली : महिन्यात किमान १५ दिवस किंवा वर्षात सहा महिने. आता हे पंधरा दिवस लिहून कोण देणार? दाखला काढायला गेली की त्या दिवसाचा रोज बुडाला, म्हणजे पंधराचे चौदा झाले.

२०२२ पासूनच्या ‘पालना’ योजनेने आईच्या नोकरीची अट काढून टाकली आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरवलं. सरकारी कागदावर एवढा सरळ विचार क्वचित दिसतो, म्हणून मला त्याचं कौतुक आहे.

पण आपल्याकडचा ऊसतोड कामगार घ्या. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल कोयत्याला, हिशेब कोयत्याचा. जिथे बाईची वेगळी मोजणीच नाही, तिथे बायका मोजणारा नियम करणार काय? आणि अंगणवाडी गावात, तर मूल हंगामभर कारखान्याच्या तळावर. टोळी पहाटे अंधारात फडात जाते. योजनेतलं साडेसात तासांचं पाळणाघर दहा वाजता उघडलं, तर तिला काय उपयोग?

म्हणून माझं म्हणणं असं, की पात्रता मुलाच्या वयावर ठरवा आणि ते आज जिथे राहतंय तिथेच पाळणाघर द्या. वेळ आईबापांच्या कामाची धरा. उत्पन्नाचा दाखला मागू नका, कारण सुस्थितीतला माणूस आपलं मूल तिथे क्वचितच ठेवेल, आणि ठेवलं तर ते पाळणाघर सुधारेलच.

या सभागृहात एखाद्या साखर कारखान्याचे संचालक बसले असतील, तर त्यांना विनंती : यंदा गाळप सुरू होण्याआधी तळावरची सहा वर्षांखालची मुलं मोजा आणि तो आकडा घेऊन जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जा.