एनसीसीत रँक नाही मिळाली, मग?

मंडळी, एनसीसीत रँक म्हणजे हजेरीचं बक्षीस नव्हे. युनिटमध्ये प्रत्येक रँकच्या जागा ठरलेल्या. सिनिअर बाहेर पडले की त्या रिकाम्या होतात. मग एएनओ, म्हणजे कॉलेजातले आपले एनसीसीचे सर, ड्रिल, कॅम्प, वागणूक बघून नावं सुचवतात. मंजुरी कमांडिंग ऑफिसरची. सिनिअर अंडर ऑफिसर व्हायचं असतं सगळ्यांना, जागा एखादीच. इथेच चांगली पोरं रुसतात आणि तिसऱ्या वर्षी परेडच सोडतात. अरे, असं नका ना करू! ‘सी’ सर्टिफिकेटची परीक्षा रँक नसलेला साधा कॅडेटही देतो. त्यात किमान ‘बी’ ग्रेड, पदवीला 50 टक्के असले, तर आर्मीच्या एनसीसी स्पेशल एन्ट्रीला अर्ज करता येतो. लेखी परीक्षा नाही. शॉर्टलिस्ट झालात की थेट एसएसबी.